मिस्सा सुटल्यावर हरकतीचा अर्ज

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, कुठंही, आणि साठीच्या पुढच्या एखाद्या बाईला विचारा की सरकारी आराखड्यावर हरकत कशी नोंदवतात, ती तुम्हाला बरोबर सांगेल. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, आपल्याकडच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा, तो कागद जपून ठेवायचा, सुनावणीला बोलावलं की जायचंच, आणि एकटीने नाही, गटाने जायचं. चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या, आयुष्यभर वाडीत राबलेल्या, पहाटेच्या लोकलने फुलं-भाजी घेऊन मुंबईला गेलेल्या बायकांना हे येतं. हे त्यांना कुठल्या पक्षाने शिकवलं नाही की कुठल्या कॉलेजने. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर चर्चच्या आवारात टेबल लावून, पोरांनी फॉर्म भरून देऊन, आणि फादरांनी प्रवचनातून परत परत सांगून हे घडलंय.

हे आधी सांगितलं कारण कॅथलिक चर्च आणि पर्यावरण असा विषय निघाला की सगळे थेट २०१५ पासून सुरुवात करतात. पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं परिपत्र, म्हणजे पोपनी सगळ्यांना उद्देशून लिहिलेलं पत्र, त्या वर्षी १८ जूनला जाहीर झालं, डिसेंबरमध्ये पॅरिसचा हवामान करार झाला, आणि त्या दरम्यान जगभर त्याची चर्चा झाली, ख्रिस्ती नसलेल्या शास्त्रज्ञांनीसुद्धा ते वाचलं. त्याच्याही आधीचा इतिहास आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये असिसीकर संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं, १९९० च्या जागतिक शांतिदिनाचा त्यांचा संदेश अख्खा पर्यावरणावर होता, आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, २००८ मध्ये, व्हॅटिकनच्या मोठ्या सभागृहाच्या छपरावर सोलर पॅनल बसले. तरी 'लाउदातो सी'ची गोष्ट वेगळी आहे हे मला मान्यच आहे. २४६ परिच्छेदांचं ते परिपत्र मी ईस्टरआधीच्या उपवासकाळात काढून बसते, सगळं नाही, काही पानंच, आणि माझी खूण दोन ठिकाणी पक्की आहे. एक ४९वा परिच्छेद, जिथं पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश दोन्ही एकत्रच ऐका असं सांगितलंय. दुसरा १८३वा, ज्याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं तोच खरा कामाचा आहे. त्यात म्हटलंय की एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास आराखडा तयार झाल्यावर नाही, आधी व्हायला पाहिजे, आणि चर्चेच्या टेबलावर तिथल्या स्थानिक लोकांना खास जागा पाहिजे, कारण प्रश्न त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या भविष्याचा असतो.

हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते म्हणजे अरे, हे तर आपण करतोय की, केव्हापासून.

१९८८ मध्ये वसईत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि त्यात पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचा माणूस, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक, पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. बाहेरच्या लोकांना ते लेखक म्हणून माहीत असतात, साहित्य अकादमी मिळालेले बायबलचे मराठी अनुवादक म्हणून माहीत असतात, पण आमच्याकडे फादर म्हटलं की आधी मोर्चा आठवतो. तेव्हा वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा करायचं चाललं होतं, आणि दुसरीकडे विहिरींचं पाणी टँकरने बाहेर चाललं होतं. त्या काळात बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात बोलणं म्हणजे काय होतं हे तेव्हा वसईत राहिलेल्यांनाच विचारा, लोक संध्याकाळी दार लावून बसायचे. अशा वेळी झगा घातलेला एक माणूस चौकात उभा राहून नाव घेऊन बोलतो याने काय फरक पडतो हे मी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलंय. भीती गेली नाही, पण भीतीसकट लोक बाहेर पडले. त्यात वाडवळ होते, आगरी-कोळी होते, भंडारी होते, सामवेदी ब्राह्मण होते, म्हणजे ही फक्त ख्रिस्ती लोकांची चळवळ नव्हती आणि फादरांनी ती तशी होऊही दिली नाही. २५ जुलै २०२४ ला ते गेले, अंत्यविधीला नंदाखालला जी गर्दी लोटली त्यात सगळ्या जातीधर्माचे लोक होते.

आता पाण्याचं नीट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आमचा पश्चिम पट्टा समुद्राला लागून, जमीन रेताड, आणि खाली गोडं पाणी. हे गोडं पाणी पावसाचं, मुरलेलं, आणि ते खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत असतं. जपून काढलं तर वर्षभर पुरतं. पण पंप लावून रात्रंदिवस उपसा केला की वरचा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर येतं, एकदा विहिरीत मचूळपणा शिरला की तो काढायला पुढचे कित्येक पावसाळे जातात, कधी निघतही नाही. जुन्या लोकांना हे विज्ञान म्हणून माहीत नसेल पण त्यांनी त्याची व्यवस्था केली होती, बावखल. बावखल म्हणजे वाड्यांमधलं चौकोनी-लांबट तळं, पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी भरलेल्या राहायच्या, काठावर रहाट असायचा आणि त्याच्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा, सगळं चालायचं. गुरं पाण्याला यायची, मासे असायचे, पोरं पोहायला शिकायची. माझी आजी सांगायची की बावखलातला गाळ उन्हाळ्यात काढून वाडीतच टाकायचे, खत म्हणून, म्हणजे तळं साफ आणि वाडी खुश.

रहाट गेले, पंप आले, मग वाड्याच विकल्या जायला लागल्या आणि बावखलांची गरज कोणाला राहिली नाही. डेब्रिजचे ट्रक रात्री यायचे आणि सकाळी बघावं तर तळ्याच्या जागी मैदान. काही ठिकाणी आमच्या तरुण पोरांनी, त्यात चर्चचे युवा गटही होते, बावखलं परत साफ केली, जलपर्णी काढली, हे मला 'लाउदातो सी'वरच्या दहा सेमिनारपेक्षा मोठं वाटतं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार-नालासोपारा पाण्याखाली गेलं, रुळांवर पाणी, लांब पल्ल्याची गाडी अडकलेली, मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढलेलं, तेव्हा टीव्हीवाले ढगफुटी ढगफुटी ओरडत होते. पाऊस प्रचंड होता हे खरंच, आणि असे पाऊस वाढत जाणार हे हवामानाचे अभ्यासक सांगतातच, पण ते पाणी ज्या बावखलात, ज्या खाजणात, ज्या मिठागरात थांबायचं तिथं आपण भराव घालून ठेवला होता. हवामानबदल आणि भराव हे दोन वेगळे विषय नाहीतच आमच्यासाठी, दोन्ही एकाच दिवशी घरात शिरतात.

न्यायाचा प्रश्न म्हणजे तरी दुसरं काय आहे. सुकेळी घ्या. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवायची, संध्याकाळ झाली की दव लागू नये म्हणून सगळी झाकून ठेवायची, सकाळी परत पसरायची, परतायची, असं दिवसेंदिवस चालतं तेव्हा ती मधासारखी तपकिरी सुकेळी होतात आणि मग केळीच्याच सुक्या पानात बांधतात. यात साखर नाही, मशीन नाही, वीज नाही, फक्त ऊन आणि बाईचे हात. आता कुठल्याही महिन्यात अवकाळी येतो आणि मांडवावरचा माल बुरशी धरतो. ही बाई एसी वापरत नाही, विमानात बसलेली नाही, तिचा कार्बनचा हिशोब काढायचा म्हटला तरी काही हाताला लागणार नाही, आणि नुकसान मात्र तिचं पहिलं. खाली अर्नाळ्याला, पाचूबंदरला गेलात तर वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या काठ्यांच्या मांडणीवर, बोंबील सुकवणाऱ्या बायका हेच सांगतील. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा केळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, कित्येक भागांत नंतर अनेक दिवस वीज नव्हती आणि तो सगळा कोविडचा काळ. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात बाग बसते, पण मांडवावरची सुकेळी आणि वलांडीवरचे बोंबील त्यात बसवताना बाईच्या नाकी नऊ येतात.

म्हणून मला ते क्लायमेट जस्टिस वगैरे शब्द परके वाटत नाहीत. १ जुलै २०२५ ला आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका या तीन खंडांच्या बिशप परिषदांनी मिळून ब्राझीलच्या कॉप ३० या हवामान परिषदेसाठी एक निवेदन व्हॅटिकनमध्ये जाहीर केलं, आणि आशियाच्या वतीने तिथं बसले होते आपले गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव. श्रीमंत देशांनी त्यांचं पर्यावरणीय कर्ज मान्य करावं, कोळसा-तेल-वायू नवीन काढणं थांबवावं, आणि नुसतं कार्बनची खरेदी-विक्री करून सुटका करून घेऊ नये, असं त्यांनी सरळ म्हटलंय. मला ते वाचून बरं वाटलं, कारण ही मागणी करणारे लोक ज्या किनाऱ्यांवरून आलेत तिथं समुद्र रोज आत येतोय. गोव्यात तर लोकांनी हे रस्त्यावर केलंय, नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला रेल्वे दुपदरीकरणाच्या विरोधात हजारो लोक अख्खी रात्र रुळांवर बसले होते, कोळसा नको, मोलेचं जंगल वाचवा म्हणत, आणि गोव्याच्या चर्चची सामाजिक न्याय आणि शांती परिषद या प्रश्नांवर वर्षानुवर्षं बोलत आलीय.

पण चर्च नेहमीच बरोबर बाजूला असतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही.

केरळकडे बघा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, आपल्या पुण्याचे, त्यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाट वाचवण्याबद्दलचा अहवाल दिला. इडुक्कीच्या डोंगराळ भागात त्याला सगळ्यात जोराचा विरोध कोणी केला तर तिथल्या चर्चने. तिथले खासदार पी. टी. थॉमस स्वतः कॅथलिक, अहवालाच्या बाजूने उभे राहिले, तर धर्मगुरूंचा रोष ओढवून घेतला आणि २०१४ ला त्यांना तिकीट मिळालं नाही. मी त्या शेतकऱ्यांना दोष देत नाही. एक-दोन एकरवाले लोक, पिढ्यान्‌पिढ्या कसतायत तरी अनेकांकडे जमिनीचे पट्टे नाहीत, त्यांना कोणीतरी सांगितलं की तुम्हाला हाकलणार, तर ते घाबरणारच. माझा राग त्यांच्यावर आहे ज्यांनी तो अहवाल उघडून बघितला नाही, कारण अहवालात तर लिहिलं होतं की शेवटचा निर्णय ग्रामसभांनी घ्यावा. म्हणजे जे पुढे १८३व्या परिच्छेदात पोपनी मागितलं तेच गाडगीळ आधी मागत होते, आणि चर्चनेच ते नाकारलं. वेदीवरून चार वेळा अहवाल वाचून दाखवला असता तर? ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये मुंडक्कई-चूरलमला दरड कोसळून शेकडो माणसं गेली तेव्हा मला सगळ्यात आधी ती वाया गेलेली वर्षं आठवली.

त्याच केरळात, २०२२ मध्ये, विळिंजम बंदराच्या विरोधात तिरुवनंतपुरमचं लॅटिन आर्चडायोसिस, म्हणजे तिथल्या आर्चबिशपच्या हाताखालचं चर्च, मच्छीमारांबरोबर चार महिने बसलं होतं. किनारा खचून घरं गेलेली कुटुंबं वर्षानुवर्षं सिमेंटच्या गोदामात राहत होती, त्यांच्यासाठी. त्या आंदोलनात नोव्हेंबरमध्ये पोलीस ठाण्यावर हल्ला झाला तो मला अजिबात पटलेला नाही, त्याने मच्छीमारांचंच नुकसान केलं. डिसेंबरमध्ये आंदोलन मागे घेतलं, बंदर काही थांबलं नाही, मे २०२५ मध्ये उद्घाटनही झालं. एकाच राज्यात, एकाच धर्माचे लोक, डोंगरात एक बाजू आणि किनाऱ्यावर दुसरी. यावरून मला एवढंच दिसतं की रोमहून आलेल्या कागदाने आपोआप काही होत नाही, स्थानिक धर्मगुरू कोणाच्या घरी चहा पितो, बागायतदाराच्या की गोदामातल्या बाईच्या, त्यावर बरंच ठरतं. पोप फ्रान्सिसनाही हे माहीत होतं, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये 'लाउदाते देउम' काढलं तेव्हा त्यांनी लिहिलंच की हवामानबदल खोटा आहे म्हणणारी मतं त्यांना चर्चच्या आतसुद्धा ऐकू येतात.

आणि जे ठाम राहिले त्यांनी किंमत मोजली. सिस्टर डोरोथी स्टँग, ७३ वर्षांच्या, ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी उभ्या राहिल्या म्हणून १२ फेब्रुवारी २००५ ला गोळ्या घालून मारल्या गेल्या. आपल्याकडे झारखंडच्या आदिवासींच्या जल-जंगल-जमिनीसाठी आयुष्य घालवलेले फादर स्टॅन स्वामी, ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात, कोठडीतच, खटला सुरू होण्याआधी गेले. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पाणी प्यायला स्ट्रॉ लागायचा. त्यांच्यासाठी आमच्याकडे मिस्सा झाल्या, मेणबत्त्या लावल्या, पण ते ज्या आदिवासींसाठी भांडत होते तसेच आदिवासी आमच्याच पालघर जिल्ह्यात आहेत हे त्या दिवशी कोणी बोललं नाही आणि ते मला अजून टोचतं.

कारण आता येतो तो प्रश्न ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं. आमच्या विहिरी उपसून, बावखलं बुजवून झाल्यावर लाखोंनी वाढलेल्या शहराला पाणी कुठून आणायचं? तर सूर्या नदीतून. धामणीच्या धरणातून एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, योजना, रोज ४०३ दशलक्ष लिटर, त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. धरण मुळात डहाणू-विक्रमगड-पालघरकडच्या शेतीच्या सिंचनासाठी बांधलेलं. ज्यांची जमीन धरणाखाली गेली ते आदिवासी, आणि ज्यांच्या शेताला कालव्याचं पाणी मिळायचं होतं तेही बरेचसे आदिवासी, ते कित्येक वर्षं सांगतायत की आमचं पाणी शहरांकडे नेऊ नका. वसईत नळाला पाणी आलं तेव्हा फटाके वाजले, बॅनर लागले, आणि तहानलेल्या माणसाला पाणी मिळालं याचा आनंद मलाही आहे, नालासोपाऱ्याच्या चाळीत चार हंड्यांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला पाणी नको असं मी म्हणूच शकत नाही. शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे हे परिपत्रातही लिहिलंय, ३०व्या परिच्छेदात. पण तो हक्क त्या आदिवासी बाईचाही आहे, जी धरणाच्या डोंगरावर राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये खड्ड्यातलं पाणी वाटीने उपसते. एके काळी टँकरने आमचं पाणी पळवलं म्हणून आम्ही मोर्चे काढले. मग आता पाइपने तिचं पाणी आमच्याकडे येताना आमच्या चर्चमधून काही आवाज यायला हवा की नको?

मला माहितीय याचं उत्तर सोपं नाही. पण सुरुवात कुठून करायची हे तरी दिसतंय. एक म्हणजे आमच्या पट्ट्यात अजून जी बावखलं शिल्लक आहेत ती वाचवली, पावसाचं पाणी जिरवलं, सोसायट्यांना रेनवॉटर हार्वेस्टिंग कागदावर नाही तर खरोखर करायला लावलं, तर सूर्याकडून मागायचं पाणी तेवढं कमी होईल. हे काम धर्मग्रामांनी, म्हणजे एकेका चर्चखालच्या लोकांनी, करण्यासारखं आहे, प्रत्येक धर्मग्रामात युवा गट आहे, महिला मंडळ आहे, म्हातारे लोक आहेत ज्यांना कुठं काय होतं ते तोंडपाठ आहे. आणि दुसरं जरा कडू आहे, वाड्या काही सगळ्या बाहेरच्यांनी हिसकावून घेतल्या नाहीत, आपल्या लोकांनी विकल्या, शेती परवडत नव्हती म्हणून विकल्या, पोरीचं लग्न, पोराला परदेशी पाठवायचं, बंगला बांधायचा म्हणून विकल्या. फादरांनी प्रवचनात बिल्डरवर बोलणं सोपं आहे, पुढच्या बाकावर बसलेल्या देणगीदाराने मागच्या आठवड्यात बावखलात भराव घातला त्यावर बोलणं अवघड. माझी मागणी आहे की त्यावर बोला. निसर्गाविरुद्ध केलेला गुन्हा हे पाप आहे असं परिपत्रात आहे, आठव्या परिच्छेदात, ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख बार्थोलोम्यू यांच्या हवाल्याने. पाप आहे तर कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीत, यायला पाहिजे, आणि भराव काढून टाकणं हे त्याचं प्रायश्चित्त असायला पाहिजे.

दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा निर्मितीचा काळ म्हणून चर्चमध्ये पाळतात. आमच्याकडे त्यात रोपं वाटतात, पोरांची चित्रकला स्पर्धा घेतात, चांगलंच आहे, बंद करू नका. यंदा त्याच्या जोडीला एवढं करू या असं मी आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीत मांडणार आहे: गावातल्या प्रत्येक बावखलाची यादी, सातबारा काढून, फोटोसकट, कुठलं जिवंत आहे आणि कुठलं बुजवलंय, ती यादी तहसीलदारांकडे आणि महापालिकेकडे शिक्का घेऊन द्यायची. आणि एक बस करून सूर्या धरणाखालच्या गावांना जायचं, भाषण करायला नाही, कपडे वाटायला तर मुळीच नाही. आमच्या जुन्या बायकांना घेऊन जायचं आणि तिथल्या बायकांशी बसून पाण्यावर बोलायचं, त्यांची सुनावणी कधी आहे ते विचारायचं आणि त्या तारखेला त्यांच्याबरोबर हजर राहायचं. ज्यांना यायचंय त्यांनी मला किंवा आमच्या महिला मंडळाला सांगा, डबे घरून आणायचे आहेत.